परळच्या महालात कोणाला प्रवेश होता?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भांडुपहून सुटणाऱ्या सकाळच्या धीम्या लोकलमध्ये जरा लक्ष देऊन पाहिले, तर काही प्रवासी ऑफिसला निघालेले नाहीत हे लगेच कळते. हातात एक्स-रेचे मोठे पाकीट असते, प्लास्टिकच्या पिशवीत केसपेपर असतात, सोबत डबा आणि पाण्याची बाटली. ही मंडळी परळला उतरतात. कोणी केईएमला जातो, कोणी टाटाला, तर कोणी लहान मूल कडेवर घेऊन वाडियाला. या रुग्णालयांच्या गर्दीतून चालताना आचार्य दोंदे मार्गावर एक मोठे आवार लागते. आत झाडांच्या आड एक जुनी, ऐसपैस इमारत उभी आहे. ‘हाफकिन संस्था’ हे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. सापाच्या विषावरची लस, पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस, पोलिओचे डोस या संदर्भात ते कधी ना कधी कानावरून गेलेले असते. पण ही इमारत मुळात प्रयोगशाळा म्हणून बांधलेलीच नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मुंबईत राजा नव्हता, म्हणून राजवाडाही नव्हता. राजवाड्याच्या सर्वांत जवळ जाणारी वास्तू या शहरात होती ती हीच, परळचे गव्हर्नमेंट हाऊस. मठ, गव्हर्नरांचा महाल, प्लेगचे इस्पितळ आणि लशीची प्रयोगशाळा, इतक्या भूमिका या एकाच वास्तूने बजावल्या. तिची हकीकत सांगताना मी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणार आहे: त्या त्या काळात या दारातून आत कोण जाऊ शकत होते? इमारतीचा वापर बदलला म्हणजे नेमके काय बदलले, हे या प्रश्नाने बरेचसे कळते.

परळ या नावाची व्युत्पत्ती दोन प्रकारे सांगतात. इथे पाडळ किंवा परळ नावाची झाडे पुष्कळ होती म्हणून परळ, असे काही म्हणतात. इथे परळी वैजनाथ महादेवाचे देऊळ होते म्हणून परळ, असे इतर म्हणतात. या भागात शिवाची उपासना फार जुनी होती, याचा एक भक्कम पुरावा मात्र १९३१ साली मिळाला. परळ आणि शिवडी यांच्यामधला रस्ता तयार होत असताना जमिनीतून सुमारे साडेतीन मीटर उंचीचे एक अप्रतिम शिवशिल्प निघाले. तज्ज्ञ ते सहाव्या शतकाच्या आसपासचे मानतात. बारादेवीच्या देवळात ते ठेवलेले आहे. म्हणजे बेटांच्या या भागात पोर्तुगीज येण्यापूर्वी हजारएक वर्षे माणसांची आणि देवांची वस्ती होती.

१५३४ च्या तहाने ही बेटे पोर्तुगिजांकडे गेली आणि त्यांच्यामागोमाग पाद्री आले. परळच्या या जागेशी आधी फ्रान्सिस्कन आणि पुढे जेझुइट पाद्र्यांचा संबंध सांगितला जातो. सतराव्या शतकात इथे मठ आणि त्याचे प्रार्थनामंदिर उभे होते. १६६१ च्या विवाहकरारामुळे मुंबई इंग्रजांकडे आली, तरी पाद्र्यांच्या जमिनी बराच काळ त्यांच्याकडेच राहिल्या. इंग्रजांना हे खुपत होते. १६८९-९० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाने मुंबईवर स्वारी केली आणि किल्ला सोडून जवळजवळ सारे बेट व्यापले. जेझुइटांनी त्याला आतून मदत केली, असा इंग्रजांचा आरोप होता. त्या रागातून त्यांच्या मालमत्तांवर टाच आली. पुढे १७२० च्या आसपास, चार्ल्स बून गव्हर्नर असताना, परळची ही वास्तू गव्हर्नरांच्या हवापालटाचे ठिकाण म्हणून वापरात येऊ लागली. मठाचा बंगला झाला, तो असा.

मठाच्या काळात दारातून आत जाणारे लोक एका धर्माचे होते, पण त्यांत गोरे होते तसे स्थानिक बाटलेलेही होते. बंगला झाल्यावर ही वर्दळ थांबली. आता आत यायचे ते निमंत्रितांनी, आणि मागच्या दाराने नोकरांनी.

त्या वेळी गव्हर्नर कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, राहत असत. परळला ते उन्हाळ्यापुरते येत. तिथे कायमचा मुक्काम हलवला तो विल्यम हॉर्नबी याने. १७७१ ते १७८४ ही त्याची कारकीर्द. वरळीची खाडी बांध घालून अडवणारा ‘हॉर्नबी वेलार्ड’ त्याच्याच नावाने ओळखला जातो. भांडुपकरांनी मात्र त्याची आठवण आणखी एका कारणासाठी ठेवायला हवी. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत वसई पडली आणि साष्टी बेट मराठ्यांकडे आले. भांडुप हे साष्टीतलेच गाव. म्हणजे परळच्या बंगल्यात इंग्रज गव्हर्नर मेजवान्या देत होते, तेव्हा शीवच्या खाडीपलीकडे भांडुप, मुलुंड, ठाणे येथे पेशव्यांचा अंमल होता. पेशव्यांच्या घरात भाऊबंदकी पेटली, ती संधी साधून हॉर्नबीच्या सरकारने डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला आणि साष्टी बळकावली. १७८२ च्या सालबाईच्या तहात ती इंग्रजांकडेच राहिली. परळच्या या महालाचा आणि आपल्या गावाचा पहिला संबंध आला तो असा. आत बसलेल्यांनी निर्णय घ्यायचे आणि बाहेरच्यांनी त्यांचे परिणाम भोगायचे.

मठाच्या प्रार्थनामंदिराचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. उंच छताच्या त्या लांबलचक दालनाचे दोन मजले केले गेले. खाली भोजनगृह आणि वर नृत्यशाळा. जिथे गुडघे टेकून प्रार्थना होत होती, तिथे खाली काटे-चमचे वाजू लागले आणि वर जोडप्यांची पावले पडू लागली. १८२५ मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर मुंबईत आले. गव्हर्नरांच्या तीन निवासस्थानांचे, म्हणजे कोटातले घर, मलबार पॉइंटवरची बंगली आणि परळचे गव्हर्नमेंट हाऊस यांचे, त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात वर्णन केले आहे. परळचे भोजनगृह म्हणजे जेझुइटांचे जुने चर्च आहे, असे सांगितले जात असल्याचेही त्यांनी नोंदवले आहे.

त्याआधी या घरात एक वेगळी घटना घडून गेली होती. गव्हर्नर जोनाथन डंकन याने हे घर काही काळ सर जेम्स मॅकिन्टॉश या न्यायाधीशाला राहायला दिले होते. मॅकिन्टॉश पुस्तकवेडा, बहुश्रुत माणूस होता. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी त्याने आपल्या ओळखीच्या काही मंडळींना परळच्या या घरी बोलावले आणि ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ची स्थापना केली. टाऊन हॉलच्या पायऱ्या चढून आपण ज्या एशियाटिक सोसायटीत जातो, तिचे मूळ हेच. भारताचा इतिहास, भाषा, भूगोल, वनस्पती यांचा अभ्यास करण्यासाठी ही मंडळी जमली, पण त्या बैठकीत एकही भारतीय नव्हता. सोसायटीची दारे भारतीयांना उघडायला १८४० साल उजाडावे लागले. त्या वर्षी माणेकजी करसेटजी हे पहिले भारतीय सभासद झाले. भारताविषयीच्या ज्ञानाची सोसायटी स्थापन होऊन छत्तीस वर्षे झाल्यावर!

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पुढच्या वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला. आता मुंबई इलाखा प्रचंड वाढला होता. त्याच्या गव्हर्नरला साजेसे घर हवे, म्हणून एल्फिन्स्टनने मुख्य इमारतीच्या दोन्ही बाजूंना नव्या बाजू बांधल्या. भोवती बाग होती, तळे होते. नोव्हेंबर १८७५ मध्ये इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढे राजे सातवे एडवर्ड, भारतात आले, तेव्हा मुंबईत त्यांचा मुक्काम परळलाच झाला. देशोदेशीचे संस्थानिक त्यांच्या भेटीला आले. या महालाचा तो सर्वांत झगमगता काळ.

पण महालाच्या कुंपणापलीकडे मुंबई बदलत होती. रेल्वे आली. या रेल्वेशीही भांडुपचे नाते आहे. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना मुंबईहून ठाणे-कल्याणकडे आणि पुढे घाटांच्या पायथ्यापर्यंत लोहमार्ग नेण्याची कल्पना १८४३ मध्ये सुचली ती भांडुपला आले असताना, अशी नोंद आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी भांडुपच्या रानातून ठाण्याला गेली. रेल्वेमागोमाग कापसाच्या गिरण्या आल्या. परळ-लालबागच्या माळावर धुराडी उभी राहिली, चाळी उठल्या, कोकणातून आणि घाटावरून माणसे येऊ लागली. सांडपाण्याची धड व्यवस्था नव्हती आणि आसपासचा सखल, दलदलीचा भाग पावसाळ्यात तुंबत असे. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीला मुंबईत पटकीने गाठले आणि त्यातच त्या वारल्या. पटकी म्हणजे कॉलरा. चाळीतल्या माणसाला मारणारा हा रोग महालाची कमान पाहून थांबला नाही. त्यानंतर गव्हर्नरांनी परळला कायमचा राम राम ठोकला आणि समुद्राच्या वाऱ्यावरचे मलबार पॉइंट गाठले. मुंबईतले राज्यपालांचे निवासस्थान आजही तिथेच आहे.

इथे क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षात घेऊ. मालक निघून गेल्यावर महालाचे काय होते? पुण्याचा शनिवारवाडा पाहा. पेशवे गेले, इंग्रजांनी तो कधी तुरुंगासाठी, कधी इतर कामांसाठी वापरला आणि १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत आतले महाल जळून गेले. तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. त्याच पुण्यातला विश्रामबाग वाडा वाचला. दुसऱ्या बाजीरावाचे हे घर. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, पुढे शाळा-महाविद्यालयांचे वर्ग भरले, नंतर नगरपालिकेच्या कचेऱ्या आल्या. १८७९ मध्ये त्याचाही मोठा भाग जळाला, पण वापर चालू होता म्हणून डागडुजी झाली. गोव्यात पणजीला मांडवीच्या काठी आदिलशहाचा वाडा आहे. तो पोर्तुगीज व्हाइसरॉयचे निवासस्थान झाला, पुढे सचिवालय झाला आणि २००० सालापर्यंत गोव्याची विधानसभा तिथे भरत होती. या उदाहरणांतून दिसते ते एवढेच की दगड-विटांना माणसांची ये-जा लागते. रिकाम्या वाड्यावर आधी पिंपळ उगवतो, मग छप्पर बसते आणि शेवटी कागदावर ‘धोकादायक’ असा शिक्का पडतो.

परळचा महालही त्याच वाटेने जायचा. त्याला नवे काम दिले ते एका भयंकर साथीने.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात विचित्र तापाने माणसे दगावू लागली. काखेत, जांघेत गाठी येत. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग आहे, हे गोव्याहून येऊन मुंबईत वैद्यकी करणारे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखले. काही आठवड्यांतच शहर रिकामे होऊ लागले. बोरीबंदरावर गावी पळणाऱ्यांची झुंबड उडाली. सरकारने घरोघर झडत्या घेणे, रोग्याला उचलून इस्पितळात नेणे, सामान जाळणे असे उपाय सुरू केले. पुण्यात याच सक्तीतून २२ जून १८९७ ची रँडवरील गोळीबाराची घटना घडली. आणि त्याच पुण्यात त्याच वर्षीच्या १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले, हेही विसरता कामा नये.

मुंबईत इस्पितळे अपुरी पडली, तेव्हा रिकाम्या पडलेल्या परळच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेगचे इस्पितळ उघडण्यात आले. ज्या घरात युवराजांचे पलंग सजले होते, तिथे गिरणगावातल्या रोग्यांच्या खाटा लागल्या. सामान्य मुंबईकराला या महालात पहिल्यांदा मोठ्या संख्येने प्रवेश मिळाला तो असा, तापाने फणफणलेल्या अवस्थेत, बहुधा मनाविरुद्ध. इस्पितळात नेले की माणूस परत येत नाही, अशी लोकांची समजूत होती आणि मृत्यूचे प्रमाण पाहता ती अगदीच निराधार नव्हती. म्हणून ‘राजाचा वाडा रयतेसाठी खुला झाला’ असे गोड वाक्य इथे लिहिता येणार नाही. दार उघडले होते, पण आत जाणाऱ्याला ते नकोसेच वाटत होते.

हे चित्र पालटवणारा माणूस म्हणजे वाल्डेमार हाफकिन. १८६० मध्ये ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात जन्मलेला हा शास्त्रज्ञ पॅरिसला पाश्चर संस्थेत काम करून भारतात आला होता. पटकीवरची लस त्याने बंगालमध्ये हजारो लोकांना टोचली होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये तो मुंबईत आला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्याने तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली.

ही लस कशी बनत असे, हे मोठे गमतीचे आहे. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवायचे, पण हिंदूंना गाईचे आणि मुसलमानांना डुकराचे मांस चालणार नाही, म्हणून बकऱ्याचे मांस वापरले गेले. त्या रसावर तुपाचे थेंब सोडत. तुपाच्या थेंबाखाली जंतू चिकटत आणि तिथून ते लोंबत्या झुबक्यांसारखे खाली वाढत. भांडे हलवले की झुबके तळाशी पडत आणि वर नवे धरू लागत. काही आठवड्यांनी हे सारे तापवून जंतू मारत. मेलेल्या जंतूंचा हा द्रव म्हणजे लस. तूप आणि बकऱ्याचा रस्सा वापरून, लोकांच्या खाण्यापिण्याच्या रीती सांभाळून केलेले हे शास्त्र होते.

मागणी वाढली तशी जागा पुरेना. आगाखानांनी आपली ‘खुशरू लॉज’ ही वास्तू देऊ केली, तीही लहान पडली. अखेर सरकारने परळचे गव्हर्नमेंट हाऊस प्रयोगशाळेसाठी दिले. १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते ‘प्लेग रिसर्च लॅबोरेटरी’चे उद्घाटन झाले. महालातल्या खोल्या उंच आणि हवेशीर होत्या, हे पथ्यावर पडले. नाचगाण्यासाठी राखलेल्या दालनांच्या घरात आता मोठमोठे काचेचे चंबू रांगेने मांडले गेले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लशीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले. त्यांतले बहुतेक या आवारातले. प्लेगने त्या काळात देशभर एक कोटीहून अधिक बळी घेतले. लस नसती तर आकडा कुठे गेला असता, याचा अंदाज करता येतो.

मात्र या महालाने एक काळा दिवसही पाहिला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना परळहून आलेली लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस दिली गेली होती. चौकशी झाली, दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला गेला आणि हाफकिनला पद सोडावे लागले. पुढे पुरावे तपासल्यावर वेगळेच दिसले. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. मलेरियाचा प्रसार डासांमुळे होतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून हाफकिनची बाजू मांडली, तेव्हा कुठे त्याच्यावरचा डाग पुसला गेला. तो भारतात परतला, पण कलकत्त्याला. परळच्या खुर्चीवर तो पुन्हा बसला नाही. १९२५ मध्ये संस्थेला त्याचे नाव दिले गेले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याचा मृत्यू झाला.

याच आवारात आणखी एक कोडे सुटले. प्लेग माणसाकडे येतो कसा? पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्येच उंदरावरच्या पिसवांकडे बोट दाखवले होते, पण कोणी फारसे मानले नाही. १९०५ पासून परळला प्लेग आयोगाचे काम सुरू झाले. ग्लेन लिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळींत, गोदामांत उंदीर पकडून, पिसवा मोजून, प्रयोग करून ही गोष्ट पक्की केली. रोगी माणसाला कोंडण्यापेक्षा उंदीर हटवणे महत्त्वाचे, हे त्यातून सिद्ध झाले. लोकांच्या घरात शिरून केलेल्या सक्तीचा कितीतरी भाग अनाठायी होता, हेही त्यातून आपोआप कळले.

पुढचा इतिहास आपल्या आठवणीच्या टप्प्यात येतो. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. औषधे आणि लशी देशातच आणि स्वस्तात तयार झाल्या पाहिजेत, हा त्यांचा ध्यास होता. सर्पविषावरची लस, रेबीजची लस, इतर अनेक लशी आणि औषधे यांच्यामुळे हाफकिनचे नाव खेड्यापाड्यातल्या दवाखान्यांत पोहोचले. १९७५ मध्ये उत्पादनाचे काम वेगळे काढून सरकारी महामंडळाकडे दिले गेले आणि संस्थेकडे संशोधन, शिक्षण व चाचण्या राहिल्या. त्या महामंडळाने पोलिओचे कोट्यवधी डोस पुरवले. २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या तोंडावर, तिथे लस बनवण्यास केंद्राने मंजुरी दिली, तेव्हा हाफकिनचे नाव पुन्हा पहिल्या पानावर आले.

आणि भोवतालचे परळ? पशुवैद्यक महाविद्यालय, केईएम, वाडियांची दोन रुग्णालये, १९४१ मध्ये टाटा. एकेकाळी निमंत्रणाशिवाय ज्या भागात गव्हर्नरांच्या फाटकाशी उभे राहणेही शक्य नव्हते, तो भाग राज्यातल्या, किंबहुना देशातल्या, गरीब रोग्यांचे आशास्थान झाला.

आता पुन्हा भांडुपकडे येऊ. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगावाचा कणा मोडला. परळ-लालबागची अनेक कुटुंबे मध्य रेल्वेच्या कडेने सरकत भांडुप, मुलुंड, कळवा, डोंबिवलीला गेली. त्यांच्या गिरण्यांच्या जागी मॉल, कचेऱ्या, हॉटेले आणि टोलेजंग इमारती आल्या. भांडुपमध्येही लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने एकामागून एक बंद झाले आणि तिथेही तेच घडते आहे. शहर बदलणार, इमारतींचा वापर बदलणार, यात गैर काही नाही. परळच्या महालाचा वापर बदलला नसता तर तो आज उभाच नसता. प्रश्न आहे तो बदल कसा करायचा याचा.

डिसेंबर २०१७ मध्ये लोअर परळच्या कमला मिलच्या आवारातल्या उपाहारगृहांना आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. सूत कातण्यासाठी उभारलेल्या आवारात गच्चीवरची उपाहारगृहे आली होती. पण गर्दीला बाहेर पडायच्या वाटा पुरेशा आहेत का, हा प्रश्न कोणी वेळेवर विचारला नाही. आणि २५ मार्च २०२१ च्या मध्यरात्रीच्या सुमारास आपल्या भांडुपमधल्या एका मॉलला आग लागली. त्या मॉलच्या वरच्या मजल्यावर रुग्णालय होते, तिथे कोविडचे रुग्ण उपचार घेत होते. त्यांतल्या काहींचे प्राण गेले. ती रात्र भांडुपकर विसरलेले नाहीत. खरेदीसाठी बांधलेल्या जागेत खाटा मांडल्या म्हणजे रुग्णालय होत नाही. जे अंथरुणावरून उठू शकत नाहीत, त्यांना धुरातून बाहेर कसे काढायचे, याचे उत्तर आधी असावे लागते.

परळच्या महालाची हकीकत इथे उपयोगी पडते. तिथेही वापर बदलला, आणि घाईगर्दीत बदलला. खाटा घातल्या तेव्हा ते भीतीचे घर झाले. लोकांनी त्यावर विश्वास ठेवला तो हळूहळू. तिथे शास्त्राला योग्य अशी व्यवस्था झाली, लस दिसू लागली, माणसे जगताना दिसली, चूक झाली तेव्हा चौकशी झाली आणि चौकशीचीही फेरतपासणी झाली. नवे काम त्या भिंतींना शोभू लागले ते या सगळ्यामुळे. नुसती पाटी बदलून ते साधले नसते.

म्हणून उद्या एखाद्या बंद कारखान्याचे, जुन्या वाड्याचे, सरकारी बंगल्याचे काय करायचे अशी चर्चा आपल्या वॉर्डात निघेल, तेव्हा तो दिसायला किती सुंदर होईल, त्याला किती मजले चढवता येतील, एवढ्यावरच बोलणे थांबू नये. तिथे आत कोण जाऊ शकेल? जाणारा सुखरूप बाहेर येईल का? आणि काही बिघडले तर जबाब कोण देईल? हे तीन प्रश्न विचारायला तज्ज्ञ असावे लागत नाही. सभेत हात वर करून कोणीही ते विचारू शकतो.

१० ऑगस्ट २०२४ रोजी परळच्या या वास्तूत प्रयोगशाळा आल्याला सव्वाशे वर्षे पूर्ण झाली. हॉर्नबी तिथे राहायला आल्यापासून गव्हर्नर मलबार पॉइंटला जाईपर्यंतचा काळ मोजला, तर तो सुमारे एकशे पंधरा वर्षांचा भरतो. म्हणजे या महालात राज्यकर्त्यांचा जेवढा कायमचा मुक्काम झाला, त्याहून अधिक काळ तिथे सूक्ष्मदर्शकावर वाकून बसलेली, पगारावर काम करणारी साधी माणसे राहिली आहेत. महालाचा खरा वहिवाटदार कोण, हे ठरवायचे असेल तर हा हिशेब पुरेसा आहे.